निवडलेलं एकच नाव

दीपनगर, १४ जुलै २०२५

चि. योगराज यास प्रमिलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर निरोप आला, ‘योगराज तुम्हाला कानबाईच्या गाण्यांच्या अ‍ॅपवर बोलावत आहेत.’ आई गेल्यापासून सहा वर्षं तुझा शब्द नाही, माझाही नाही. कितीदा वाचला असेल मी तो. सूनबाई मेघा म्हणते, मनाला लावून घेऊ नका. असली अ‍ॅप फोनमधली सगळी नावं उचलतात आणि आपल्या नावाने बोलावणी धाडतात. तिच्या फोनवरून एकदा दाताच्या डॉक्टरांपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना गेलं होतं. तसंच झालं असेल तर खुशाल सांग, रागावणार नाही. फोनच केला असता, पण सहा वर्षांनी सुरुवात कुठून करायची ते सुचेना.

गुडघे सांभाळ. लोभ उरला असेल तर दोन ओळी लिही.

तुझी अक्का


सोनगीर, १९ जुलै २०२५

ती. अक्कास योगराजचा सा. न. वि. वि.

निरोप मीच धाडला. अ‍ॅप लेकीने, हेमांगीने घालून दिलं. त्याने फोनमधली नावं मागितली, मी सगळी देऊन टाकणार होतो. ती म्हणाली, नाना, लोकांचे नंबर वाटायला ते काय आपले आहेत? आता फोनच विचारतो, सगळी द्यायची की निवडक. मी एकच निवडलं, तुझं. अ‍ॅप रोज कुरकुरतं, सगळी नावं दिल्याशिवाय ओळखीचं कोण आहे ते दाखवता येत नाही म्हणे. कुरकुरू दे.

अक्का, आईच्या दुखण्याचं तुला कळवलं नाही, कारण ती म्हणाली होती, ‘तिले सांगू नको, तिना घर बाळतपण शे.’ मेघाचे दिवस भरत आले होते, मी ऐकलं. ऐकायला नको होतं. आई गेल्यावर तू दारात म्हणालीस, ‘आता माझं माहेर संपलं,’ तेव्हाही गप्प राहिलो. चुकलं माझं.

श्रावणात घरी कानबाई बसेल, त्या सणाला ये. मोठ्यांना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा योगराज


दीपनगर, २५ जुलै २०२५

चि. योगराज यास अनेक आशीर्वाद.

आईने असं म्हटलं होतं, हे सहा वर्षं पोटात ठेवलंस? मला वाटायचं, माझी कुणाला आठवणच झाली नाही. तिचं ते वाक्य वाचलं आणि तिचा आवाजच ऐकू आला. मेघाला वाचून दाखवताना मला पुढे वाचवेना, मग तिनेच वाचलं.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी येते. आल्यावर थोडा वेळ आईच्या फोटोपुढे बसेन, तेव्हा कुणी बोलू नका. मग तू शेजारी येऊन बस.

तुझी अक्का