कॅमेऱ्याला मोटेचा नाडा

राहुरी,
दि. ३ फेब्रुवारी १९७१

चि. कानिफनाथ यास सहादेवमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. बेलापूरला तुमच्या विहिरीवर तू एक गोष्ट खचित पाहिली असशील. जो दोर भरलेली बादली वर्षानुवर्षे निमूटपणे वर आणतो, तोच दोर एखाद्या दिवशी रिकाम्या बादलीने तुटतो. बादली हातून निसटते, खाली जाते, दोराचे टोक खांबाला बांधलेले असते, आणि फट्! भरलेली तोलली, रिकामी तोलली नाही. हे कसे? तू आठवीत असताना मी हाच प्रश्न वर्गाला घातला होता. तू उत्तर दिलेस की दोर जुना होता.

उत्तर असे आहे. पडणारी वस्तू वेग घेते. तो वेग जितक्या थोड्या अंतरात थांबवावा, तितका हिसका मोठा. भरलेली बादली सावकाश चढते, म्हणून दोराला केवळ तिचे वजन सोसावे लागते. रिकामी बादली एकदम थांबते, तेव्हा दोराला तिच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसावी लागते.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. पलटणीतून निवड होऊन तुला विमानातून छत्रीने उतरण्याच्या शिक्षणासाठी आग्र्यास पाठविले, पाचांपैकी दोन उड्या झाल्या, पाचवीनंतर छातीवर पंखांचे चिन्ह मिळणार, येथवर वाचून मी शाळेत पेढे वाटावयास घेतले. पुढच्या परिच्छेदात, दिवाळीत मी तुला दिलेला माझा डबा-कॅमेरा गळ्यात बांधून तिसरी उडी मारण्याचा तुझा बेत वाचला, आणि उरलेले पेढे पुड्यातच राहिले.

बाळा, तू नवखा आहेस. छत्री उघडताना तू रिकामी बादली असतोस. त्या क्षणी अर्ध्या किलोचा कॅमेरा तीन-चार किलोंचा होईल. त्याचा पट्टा चामड्याचा, दहा वर्षांचा. तो तुटणार. खाली तुझे सोबती उतरत असतील, त्यांच्या टाळक्याचा विचार कर. करिता बेत रद्द करावा.

सौ. मामी आशीर्वाद सांगते. लोभ आहेच. तो पुढेही करता यावा, इतके सुखरूप राहावे.

तुझा,
सहादेवमामा


आग्रा,
दि. १० फेब्रुवारी १९७१

ती. सहादेवमामांस कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. बराकीतल्या तिघा मराठी सोबत्यांना दोराचे कोडे घातले. तिघेही म्हणाले, दोर जुना असेल. मला बरे वाटले.

फोटोची हौस माझी नाही, हे आधी सांगतो. केडगावच्या स्थळाची गोष्ट आपणास अर्धवटच ठाऊक आहे. मुलगी पुष्पावती, नगरला अध्यापिका विद्यालयात शिकते. घरात शब्द चालतो तो तिचे आजोबा भिमाजी यांचा. मागे तिच्या चुलतबहिणीला एक जण पाहून गेला. आपण तोफखान्यात आहोत असे त्याने सांगितले. पुढे भिमाजी आजोबांना तो एका छावणीबाहेर चहाचे दुकान चालवताना सापडला. तेव्हापासून त्यांचा गणवेशावर विश्वास उरलेला नाही. मी विमानातून उड्या मारतो हे ऐकून ते म्हणाले, नगरच्या स्टुडिओत पुठ्ठ्याचं विमान हाय, त्यात बसून न्हावीबी फोटू काढतो. त्यांना वरून काढलेला जमिनीचा फोटो हवा आहे. तो फोटो आला की सुपारी फुटणार, नाही आला तर वैशाखात दुसरे स्थळ पाहणार.

मला मुलगी फार पसंत आहे. हे आईस सांगू नये. तिला ते तिनेच ठरवले आहे असे वाटू द्यावे.

कॅमेरा बांधू नये असे येथे कोणी म्हटलेले नाही, कारण मी कोणाला विचारलेले नाही. राहता राहिला पट्टा. तो तुटेल एवढीच आपली हरकत असल्याने मी आईस लिहून न तुटणारा पट्टा मागवला आहे. तिसरी उडी चोवीस तारखेस आहे.

मामींस नमस्कार. कृपा असावी, आणि त्या पेढ्यांवर लक्ष असावे.

आपला आज्ञाधारक (बहुतेक बाबतीत),
कानिफनाथ


बेलापूर,
दि. १६ फेब्रुवारी १९७१

ती. सहादेवमामांस चांगुणाचा सा. न. वि. वि.

आई सांगते तसे लिहीत आहे. तिने एकही शब्द बदलू दिलेला नाही.

दादा, मनकर्णेचा नमस्कार. तुमी कानिफाला पट्ट्याचं लिहिलं ते लई बेस केलं. न्हाईतर पोरगं कातड्याच्या वादीवर गेलं आसतं. आता विहिरीवर इंजन बसल्यापासून मोटेचा नाडा माळ्यावर पडून व्हता. दोन बैल आन् भरली मोट तोलनारा नाडा त्यो. त्येचे पेड सोडवले, तीन पदरी वेनी घातली, टोकाला दुहेरी गाठ मारली. कालवड बांधून बघितली. तिनं सगळी सकाळ वढलं, खुट्टा उपटला, पन पट्टा हालला न्हाई. मढीच्या देवळात जाऊन कानिफनाथाच्या पायी लावून आनला. पार्सल काल गेलं. आता तुमी निचिंतीनं झोपा.

केडगावची पोरगी मला पसंत हाय. कानिफाला काय कळतंय त्यातलं.

मामा, खुट्टा मी पुन्हा ठोकला आहे. माझी परीक्षा एक मार्चपासून आहे. लोभ असावा, आणि आशीर्वादात भूगोल विसरू नये.

आपली,
चांगुणा


राहुरी,
दि. १८ फेब्रुवारी १९७१
(एक्स्प्रेस डिलिव्हरी)

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. या पत्रास प्रस्तावना नाही. तो पट्टा बांधू नकोस.

चूक माझी आहे. तीस वर्षे शिकवतो आहे, आणि मी अर्धेच उदाहरण फळ्यावर सोडवून वर्ग सोडला. पट्टा तुटला तर काय, एवढे सांगितले. पट्टा न तुटला तर काय, हे राहिले. तुम्हा मायलेकरांनी त्या राहिलेल्या अर्ध्यात दोन बैलांचा नाडा घातला.

आता पुरते ऐक. तुझ्या छातीवर राखीव छत्री असते आणि तिची मूठ ओढली की ती उघडते, असे तूच लिहिले होतेस. कॅमेरा तिच्या वरच लोंबणार. मुठीवरून पट्टा गेला की हात तिथवर पोचणार नाही. तो मोठ्या छत्रीच्या दोरीत गुंतला तर कच्चा पट्टा निदान तुटून तुला मोकळे करील. मनकर्णेचा पट्टा तुला सोडणार नाही. त्या बाईने आजवर काहीच सोडलेले नाही. हिसका बसला की पेटी वर उसळून हनुवटीवर बसेल, आणि लग्नात दात लागतात.

याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. नवख्याचे चित्त थोडे असते आणि कामे पुष्कळ. मोजायचे, वर पाहायचे, सोबत्यांपासून दूर राहायचे, पाय जुळवायचे. कॅमेरा गळ्यात असला की माणूस जमिनीकडे उतरण्याची जागा म्हणून पाहत नाही, फोटो म्हणून पाहतो. अनुभवी माणसाचे हे चालत असेल. तू दोन उड्यांचा आहेस.

माझ्यावर विश्वास नसेल तर वीतभर उंचीवरून स्वतः प्रयोग करून पाहा. केडगावचे पुढे पाहू. तुला काही झाले तर तुझी आई मला विचारील, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

लोभ आहे, म्हणूनच रागावलो आहे.

सहादेवमामा


आग्रा,
दि. २७ फेब्रुवारी १९७१

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

प्रथम कळवतो की मी सुखरूप आहे. पुढचा एक दात अर्धा आहे.

आपले पत्र बावीसला पोचले आणि आईचे पार्सलही. प्रयोगावाचून मानू नये हे आपणच शिकवलेत. आपण वीतभर लिहिले होते, मी सरावाचा बुरुज निवडला. येथे चौतीस फुटांच्या बुरुजावरून उडी मारायची, अंगावरचे पट्टे वर एका तारेला जोडलेले असतात. काही फूट पडले की हिसका बसतो आणि माणूस तारेवरून सरकत जातो. डांगरीच्या आत कॅमेरा लपवून मी उडी मारली. हिसक्यासरशी तो बाहेर आला, हनुवटीवर बसला आणि आईचा पट्टा माझ्या खांद्यावरच्या कडीत अडकला. मी तारेवर अर्ध्या वाटेत, मान वाकडी करून, दोन तुकड्यांच्या डोळ्यांदेखत लोंबत राहिलो. शिडी आणली. पट्टा कापायला दोन चाकू लागले. पहिल्याची धार गेली.

आमचे उस्ताद आवाज चढवतात तेव्हा बरे असते. त्या दिवशी ते हळू बोलले. मला राखीव छत्रीची मूठ ओढून दाखव म्हणाले. मी हात नेला. मुठीवर आपला कॅमेरा होता. ते म्हणाले, इथे शिडी आली, वर कोण आणणार? मला शिक्षणातून परत पाठवतील असे वाटले. पण त्यांनी मला आठवडाभर प्रत्येक तुकडीपुढे उभे राहून तो दात दाखवण्याची शिक्षा दिली.

आता जे आईस सांगू नये ते लिहितो. चोवीसला मी कॅमेऱ्यावाचून उडी मारली. मोजले, वर पाहिले, तर छत्रीच्या दोऱ्यांना पीळ पडला होता. अशा वेळी दोन्ही हातांनी पट्टे फाकवायचे, पाय झाडायचे आणि पीळ सुटेपर्यंत दुसरे काही करायचे नाही. दोन्ही हात लागले मामा. कॅमेरा असता तर मी एका हाताने आधी त्यालाच धरले असते, कारण तो आपला आहे.

एका सोबत्याने खालून माझा फोटो काढला आहे, तो सोबत जोडला आहे. आकाश उत्तम आले आहे. उजवीकडे तिळाएवढा आहे तो मी. आपण केडगावला जाऊन जमेल तसे सांगावे. न जमल्यास माझी तक्रार नाही, पण वाईट फार वाटेल.

कृपा असू द्यावी. कॅमेरा चालू स्थितीत आहे, झाकणाला माझ्या दाताची खूण आहे.

आपला,
कानिफनाथ


केडगाव,
दि. १४ मार्च १९७१

श्री. कानिफनाथ यांस सा. न. वि. वि.

आजोबांच्या परवानगीने लिहीत आहे. ते समोर बसले आहेत, पण चष्मा त्यांनी मुद्दाम काढून ठेवला आहे.

आपले मामा गेल्या रविवारी आले होते. त्यांनी फोटो दाखवला. आजोबांनी तो उन्हात धरून पाहिला आणि ही घार हाय म्हणाले. मामांनी वाद घातला नाही. खिशातून कुलूप आणि शिवणाचा दोरा काढला, आणि विहिरीच्या दोरापासून आरंभ केला. दुसरा चहा झाला तेव्हा ते आपल्या बुरुजापाशी आले होते. आजोबांनी दोरा हातात घेऊन तीनदा तोडला, आणि विचारले की पोराने कॅमेरा खरोखर खाली ठेवला काय. मामांनी आपले पत्र वाचून दाखवले, दाताच्या मजकुरासह. आपण न सांगण्याविषयी लिहिलेला भागही वाचला. तो आपल्या आईंना सांगू नये असे होते, आम्हाला नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

आजोबांनी तुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "वरनं काढल्याला फोटू न्हाई आनला म्हंजे खराच उडी मारतोय. खोटा मानूस फोटू घिऊनच आला आसता."

सुपारी येत्या गुरुवारी आहे. तिळाएवढा फोटो मी ठेवून घेतला आहे.

आपली पाचवी उडी अजून बाकी आहे असे मामा म्हणाले. त्याआधी एक करून पाहावे. मी काल केले. शिवणाचा साधा दोरा घ्यावा, एक टोक कुलपाला बांधावे, दुसरे बोटाला. स्थिर धरावे. दोरा धरतो. मग बोट तसेच ठेवून कुलूप वीतभर वर उचलावे आणि सोडावे. दोरा तुटतो. नवा दोरा बांधून तेच कुलूप दुसऱ्या हाताने वीतभर उचलावे आणि या वेळी न सोडता, हातानेच हळूहळू खाली आणावे. तोच दोरा, तेच कुलूप, काही होत नाही.

म्हणून सावकाश उतरावे. एवढाच लोभ.

आपली,
कु. पुष्पावती