दिवाणला प्रवास सोसेल का

वृंदावन योजना, लखनौ
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. प्रतिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

आज रविवार. सकाळी गाडी धुतली. दिवाणला घेऊन चारबाग स्टेशनपर्यंत जाऊन आलो. दुपारी गाडी पुन्हा धुतली.

मीनाक्षीच्या वर्षश्राद्धाला तुझ्याकडे यायचे तर तिच्या या कुत्र्याला आणावेच लागेल. ती इस्पितळात असताना त्याला दुसरीकडे ठेवले, तर त्याने अन्न सोडले होते. म्हणून आज तालीम केली. त्याच्या डॉक्टर, डॉ. हिमानींनी सांगितल्याप्रमाणे मागच्या सीटवर बसवून त्याचा छातीचा पट्टा बेल्टला अडकवला, काच बोटभरच उघडी ठेवली. चारबागच्या हॉर्नमध्ये तो सगळे ओकला. वाहतूक शिपाई आला. मला वाटले मदतीला. त्याचे म्हणणे, कुत्ता समझदार है, बेल्ट लगाकर बैठा है, अंकल का बेल्ट कहाँ है. पूर्वी मीनाक्षी आठवण करून द्यायची.

तेव्हा माझे येणे कठीण दिसते. श्राद्ध इथेच करीन.

लोभ आहेच, तो राहू दे.
चंद्रकांत


नागपूर
१४ नोव्हेंबर

ती. दादा,
शि. सा. न.

पत्र वाचून हसले, रागावू नकोस. माझे कान गेले ते एका अर्थी बरेच झाले. फोनवर तू 'हो, ठीक' यापुढे गेला नसतास.

आता खरे सांग, निघताना त्याला काय खाऊ घातलेस? वहिनी हातावर दही ठेवल्याशिवाय कोणाला उंबरठा ओलांडू देत नसे. मला तुझी दाट शंका आहे. तुझा भाचा अनीश म्हणतो, मामाने दही दिले असेल तर दोष कुत्र्याचा नाही, मामालाच मागे बांधा.

त्या दिवशी तू तिथे एकटा बसलेला मला चालणार नाही. तालीम पुन्हा कर. व्हरांड्यात दिवाणची जागा केली आहे. तुझी अजून ठरायची आहे.

रागावलास तरी चालेल, पण ये.
तुझी
प्रतिमा


लखनौ
२३ नोव्हेंबर

चि. सौ. प्रतिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

शंका खरी आहे. वाटीभर दिले, साखर घालून. ती चमचाभर ठेवायची, मला प्रमाण माहीत नव्हते. डॉ. हिमानींना सांगितले तर त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. खांदे मात्र हलत होते.

आज त्याला उपाशीपोटी रायबरेलीपर्यंत नेले. वाटेत थांबून, साखळी लावून मगच दार उघडले, पाणी पाजले. येताना तो घोरत होता. तेव्हा शनिवारी निघतो. जबलपूरला कुत्र्यासह खोली मिळाली आहे. अनीशला सांग, मामा पुढेच बसणार.

सर्वांना आशीर्वाद. भेटीत बोलूच, तू वाचशील तसे लिहून.
चंद्रकांत

ता. क. ड्रायव्हरशेजारची सीट मीनाक्षीच्या गुडघ्यांसाठी पार मागे सरकवलेली होती. दिवाणला मागे पाय पसरता येईनात. आत्ता खाली जाऊन ती पुढे ओढून आलो.