राखून ठेवलेला आवाज

२ ऑक्टोबर
नवी डायरी, नवे निश्चय. वाईन बंद. अक्रोड बंद, घशाला खाजवतात. बायकोशी, इल्देशी, भांडण बंद, निदान वरच्या पट्टीत.

आपल्या पार्माच्या ऑपेरा थिएटरने मला म्हाताऱ्या बापाच्या भूमिकेसाठी बदली गायक म्हणून घेतलं आहे. मुख्य गायक आजारी पडला, तर मी. चार प्रयोग. डायरेक्टरबाई म्हणाल्या की पुढच्या वर्षीपासून बदलीला तरुण मुलंच घेणार. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. या स्टेजवर मी जेलर झालो, निरोप्या झालो, दोनदा पुजारी झालो. बाप एकदाही नाही. माझ्यासारख्या जाड आवाजाच्या बॅरिटोनने आयुष्यभर बापच व्हायचं असतं, पोरगी शेवटी उंच आवाजाचा टेनरच घेऊन जातो. पण निदान बाप तरी होऊ द्या.

इल्देला सांगितलं, या वेळी नक्की. ती म्हणाली, बरं, येताना पाव आण.

५ ऑक्टोबर
पहिली तालीम. मुख्य गायक तामाझ. जॉर्जियाचा, तिशीचा, इतका रुंद की अंग तिरकं करून दारातून आत येतो. सकाळी सकाळी पूर्ण आवाजात गायला. शुद्ध वेडेपणा. तालमीत अर्ध्या आवाजात गायचं असतं. मोठ्या गायकांचा तो हक्क आहे. आवाज ही ठेव आहे, रोज मोडून खाल्ली तर प्रयोगाला उरणार काय.

माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे अर्ध्या आवाजात. वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्त्रोंनी काठी खाली ठेवली आणि विचारलं, गिरार्दिनी, तुमचा आवाज आम्हाला कधी ऐकायला मिळणार आहे का? मी नुसता हसलो. जाणकाराला तेवढं पुरतं.

पाव विसरलो.

८ ऑक्टोबर
धुकं. तामाझ सायकलवर येतो. गळा उघडा, मफलर नाही. या धुक्यात घसा बसायला कितीसा वेळ लागतो? बाबा रे, मफलर घाल, असं सांगणार होतो. नाही सांगितलं. ज्याचं त्याने शिकावं.

१० ऑक्टोबर
तामाझ ठणठणीत.

संध्याकाळी त्याला आइस्क्रीम खायला नेलं. पाहुणा आहे, दुसरा काही हेतू नाही. तो मला नेव्हिओकाका म्हणतो. एकामागून एक तीन गोळे खाल्ले, वर गार पाणी प्यायला. सोबत म्हणून मीही एक घेतला.

११ ऑक्टोबर
घसा धरला. माझा.

इल्देने मिठाचं पाणी समोर आदळलं. म्हणाली, दुसऱ्याला आइस्क्रीम चारून स्वतः आजारी पडणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी गुळण्या करत राहिलो. आवाजाला विश्रांती देतोय.

१४ ऑक्टोबर
रंगीत तालीम. तामाझने मला विंगेत गाठलं. काका, शेवटच्या अंकात बाप पोरीला देतो तो शाप तुम्ही कसा गाता? एकदा खुल्या आवाजात दाखवा ना, मला शिकायचंय. मी म्हटलं, वेळ आली की ऐकशील. त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

पोरगा चांगला आहे. तोच तर वैताग आहे.

१६ ऑक्टोबर
पहिला प्रयोग. मी विंगेत कोट घालून उभा. खुर्ची मागितली, मिळाली नाही.

वर गॅलरीत ओत्तोरिनो. इल्देचा भाऊ. दिवसभर दुकानात हॅमचे काप काढतो आणि संध्याकाळी गायकांचे. आमच्याकडे शिट्टी वाजली की समजायचं, गायकाचं काही खरं नाही. एक टेनर मध्यंतरातच स्टेशनवर पळाला, त्याचं श्रेय ओत्तोरिनो आजतागायत एकटा घेतो. वर ऐकवतो की शिट्टीसुद्धा आम्ही कुणालाही देत नाही, ज्याच्याकडून अपेक्षा असते त्यालाच देतो.

आज शिट्टी नाही. तामाझच्या शापाला गॅलरीने खुशीत पाय आपटून थिएटर डोक्यावर घेतलं. मग ओत्तोरिनो आमच्याकडे जेवायला आला आणि माझ्या टेबलावर, माझ्या वाटणीचा तोर्तेल्ली पास्ता खात, त्या पोरासाठी रडला. आवाज असावा तर असा, म्हणाला.

मी म्हटलं, जोर फार लावतो, पाच वर्षांत संपेल. आवाज नीट जपायला शिकला नाही. त्यावर इल्दे ताटं उचलता उचलता म्हणाली, तू जपलास की. त्याचं पुढे काय केलंस?

भावासमोर बोलायला नको होतं.

१९ ऑक्टोबर
दुसरा प्रयोगही तामाझनेच गायला. विंगेत पाय दुखतात. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. लोकांच्या खोकल्याकडे कान लावून बसणं हे काय माणसाचं काम आहे?

दुपारी ठरवलं, घरात कुणी नाही, एकदा पूर्ण आवाजात गाऊन बघू. बाथरूममध्ये गेलो. दार लावलं. श्वास भरला. मग विचार केला, टाइल्सना ऐकवून काय उपयोग. श्वास सोडला. दाढी केली.

२२ ऑक्टोबर, दुपार
फोन आला. आज मी.

झालं असं की काल ओत्तोरिनोने कौतुकाने तामाझला घरी जेवायला नेलं. डुकराच्या चरबीतली भजी, मांस भरलेल्या आनोलीनी पास्त्याचं सूप, पुन्हा सूप, सूपमध्ये वाईन ओतून आणखी एकदा सूप. पोरगा नाही म्हणायला शिकलेला नाही. सकाळपासून तो बाथरूममधून बाहेर आलेला नाही. ओत्तोरिनो दुकान बंद करून बसलाय. माझ्याच हाताने घात झाला म्हणतो. त्याला घात वाटतो. ठीक आहे. संध्याकाळी वर बसून ऐकेल.

मास्त्रोंनी विचारलं, पूर्ण आवाजात ना? मी म्हटलं, आज पूर्ण.

इल्दे इस्त्री करतेय. माझा शर्ट नाही, तिचा निळा झगा. ती येणार आहे.

२३ ऑक्टोबर, सकाळ
थोडक्यात लिहितो.

पहिल्याच गाण्यात मास्त्रोंनी डाव्या हाताने खूण केली, वर, अजून वर. मला वाटलं, व्हायोलिनवाल्यांना सांगतायत. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून केली. तिसऱ्यांदा केलीच नाही. वाद्यंच हळू केली. शेवटच्या अंकात इतकी हळू की मला माझेच बूट ऐकू येत होते.

शाप दिला. जेवढं होतं नव्हतं ते सगळं लावलं. पोरीचं काम करणारी बाई माझ्या पायाशी पडली होती, तिने डोळे उघडून पाहिलं, मी सुरू केलं का म्हणून.

शिट्टी वाजली नाही. मी थांबलो होतो शिट्टीसाठी. आमच्याकडे चर्चमधून शवपेटी बाहेर आली की लोक टाळ्या वाजवतात, गेलेला माणूस चांगला होता म्हणून. तशा टाळ्या वाजल्या.

मागच्या दाराशी ओत्तोरिनो उभा होता. पहिल्यांदाच त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, शहाणा आहेस नेव्हिओ. रविवारचा शेवटचा प्रयोग तुझ्याकडे येणार, म्हणून आज अर्ध्यातच ठेवलास ना आवाज? मी वर सगळ्यांना तेच सांगितलं. रविवारी बघा, म्हटलं, रविवारी उघडेल. सगळ्यांना पटलं.

मी म्हटलं, हो.

इल्देला माहीत आहे, जोर लावला की माझ्या मानेच्या शिरा फुगतात. घरी आल्यावर तिने सूप गरम करून समोर ठेवलं. मी म्हटलं, इल्दे, सगळा लावला होता मी. राखून काहीच ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, मला दिसत होतं. खा, गार होईल.

मग माझ्याआधी तिचेच डोळे भरले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मी तिला घरातसुद्धा मोठ्याने गाऊन दाखवलं नाही. आवाज होता, तेव्हा ऐकायला हवा होता तिने.

आत्ता तामाझचा फोन आला. आवाज बारीक, पण उठून बसलाय. काका, उद्या रविवारी मी येऊ, की तुम्हीच गाता? गॅलरीत सगळे तुमचीच वाट बघतायत म्हणे.

खिडकीबाहेर धुकं आहे, समोरचं घर दिसत नाही. मी म्हटलं, बाबा रे, उद्या तूच गायचंस. सायकल आणू नकोस, मी गाडी घेऊन येतो. आणि मफलर नसेल तर माझा देतो, गळ्याला नीट गुंडाळून घे.