होल्याचं चौथं बोट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

क्रासिमिराचं चित्र ग्रुपवरून तिसऱ्यांदा काढून टाकलं. गुलाबांची माळ. टाका सुबक, मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ – आणि खाली नाव नाही. नमुना कुणी काढला, विचारलं. उत्तर आलं, "लोककला आहे, मास्तर. लोकांची. तुम्ही कोण विचारणारे?"

मी कोण! अकरा हजार बायकांच्या, इंटरनेटवरच्या क्रॉस स्टिच भरतकाम ग्रुपचा चालक, ज्याला शर्टाचं बटणसुद्धा धड लावता येत नाही, तो मी. ग्रुप माझ्या बायकोनं, त्सोन्कानं सुरू केला. तिला जाऊन तीन वर्षं झाली. जाताना माझ्यासाठी वहीत लिहिलेला पासवर्ड आणि भाजलेल्या मिरच्यांच्या अठरा बरण्या ठेवून गेली. बरण्या संपल्या.

नियम मात्र माझा. नमुना काढणारीचं नाव नाही, तर चित्र नाही. चाळीस वर्षं वर्गात हेच केलं. कविता म्हणायला उठलं की आधी कवीचं नाव, मग पहिली ओळ. पोरं नाव गिळायची, मी खाली बसवायचो. अजून डोळे मिटले की खिडकीबाहेरची लिंडनची झाडं दिसतात, बेचाळीस गळे ऐकू येतात, आणि नावानंतरचा तो अर्धा श्वास. कविता खरी तिथेच सुरू होते.

गुलाब काय आपोआप चौकटींत उगवले? कुणीतरी बाई त्या कागदावर वाकून बसली असेल. डोळ्यांची माती केली असेल तिनं.

५ फेब्रुवारी

एकतीस जणी ग्रुप सोडून गेल्या. जाऊ देत.

९ फेब्रुवारी, रविवार

गिन्का आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी. ग्रुपचं अर्धं काम तीच बघते. चीज भरलेली बानित्सा घेऊन आली, म्हणजे काहीतरी समजवायला आली हे मी ओळखलं.

"मास्तर, जरा सैल सोडा ना. बायका कंटाळल्यात. चित्र टाकायचं म्हणजे पोलीस ठाण्यात जाऊन आल्यासारखं वाटतं म्हणतात."

"मग पोलीस ठाण्यात जाऊन आल्यासारखं टाकावं."

"त्सोन्काबाई असं नव्हत्या करत."

"त्सोन्का शिक्षक नव्हती."

ती हसली. मग आठ मार्चच्या प्रदर्शनाचं बोललो. वाचनालयाच्या सभागृहात, साठ जणींनी भरलेला एकच नमुना – द्राक्षवेलीवर समोरासमोर बसलेले दोन होले, कबुतराच्या जातीचे. आमच्या गावात या नमुन्याला सगळे 'त्सोन्काचे होले' म्हणतात. सुना माहेरी जाताना घेऊन जातात, जर्मनीत कामाला गेलेल्या पोरी भिंतीवर लावतात. फलकही रंगवून झालाय, तिच्या नावाचा. मी चार ओळी बोलणार आहे.

"चारच ओळी," गिन्का म्हणाली. "मागच्या वेळी तुमची कविता संपेपर्यंत कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारम्या गार झाल्या होत्या."

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्रासिमिरानं उघड उघड लिहिलं, सगळ्यांच्या देखत: "दुसऱ्यांच्या पेट्या उचकटता. त्या होल्यांचं काय? तुमच्या बायकोनंच काढले कशावरून? पुरावा दाखवा, नाहीतर तेही काढून टाका."

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. त्सोन्काचे होले भिंतीवरून उतरवले, काच पुसली, फोटो काढला. खाली लिहिलं: "डाव्या होल्याच्या पायाला पुढे तीन बोटं आहेत, उजव्याच्या पायाला चार. जगात असा होला नाही. ही माझ्या पत्नीची गंमत आहे. हीच तिची सही."

दोनशे चाळीस जणींना आवडलं. आज जेवण गोड लागलं, घेवड्याचं सूप असूनही.

हा होला ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चौकटीच्या कागदावर उतरवत होती ते मला आठवतं. पेन्सिल कानावर. खिडकीत कोथिंबिरीचा डबा. मी दारात उभा होतो आणि मनात म्हणालो होतो, बघ, माझ्या घरात एक कलावंत राहते. तिला बोललो नाही. अशी वाक्यं आपण नेहमी मनातच ठेवतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

विदिनहून एका बाईंचा निरोप. ग्रुपात नवीन, ओळख नाही. अत्यंत नम्र. "मास्तर, राग मानू नका. आईच्या ट्रंकेत सापडलं."

सोबत फोटो. १९६८ सालच्या बायकांच्या मासिकाची पुरवणी. घडीवर फाटलेली. द्राक्षवेल. दोन होले.

डाव्याला तीन बोटं. उजव्याला चार.

कोपऱ्यात बारीक छापलंय – नमुना: पेना द्राग्नेवा.

१७ फेब्रुवारी

नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस वकिली केली. दोघींनीही आणखी जुन्या कशावरून तरी घेतलं असेल. एखाद्या एप्रनवरून, एखाद्या चर्चमधल्या पडद्यावरून. असू शकतं. का नसावं?

पण मी चाळीस वर्षं पेपर तपासले आहेत. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, त्यावरून काही कळत नाही. चूक सारखी आली की समजावं, शेजारच्या वहीत डोकावलंय. वेलीच्या नवव्या पानाला एक टाका बाहेर आलाय – तोही दोन्हीकडे. मी भिंग घेऊन मोजलं. शिक्षा म्हणून उभं केलेल्या पोरासारखा तो टाका माझ्याकडे बघत होता.

गिन्काला दाखवलं. तिनं फोन उलटा करून ठेवला.

"विदिनच्या बाईंना मी सांगते, गप्प राहतील. चांगल्या आहेत. आठ मार्चनंतर बघू."

"आठ मार्चनंतर काय बदलेल?"

"प्रदर्शन झालेलं असेल, मास्तर."

संध्याकाळी आल्बेनाचा फोन. माझी लेक, सोफियात असते. गिन्कानंच सांगितलं असणार.

"बाबा, तुम्ही काही लिहिणार नाही आहात."

"अजून ठरवलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? एक पक्षी आहे तो. आईचं एवढं एकच काहीतरी आहे लोकांकडे. तेवीस वर्षं गिरणीत उभी होती ती, कुणी तिचं नाव घेतलं कधी?"

पण त्या दुसऱ्या बाईचं नाव कुणी घेतलं?

२३ फेब्रुवारी, रविवार

पेना द्राग्नेवा जिवंत आहे! सेव्हलिएव्होजवळच्या एका खेड्यात, भाचीकडे. शहाऐंशी वर्षांची. भाचीनं बजावलं, "मोठ्यानं बोला, आणि औषधांचं विचारू नका, मग ती तासभर सोडत नाही."

"होले?" म्हातारी फोनवर ओरडली. "हां हां. ते चौथं बोट होय! संपादकाला दुपारपर्यंत हवं होतं. पोरगी तापानं फणफणलेली. एका हातानं तिला धरलेलं, दुसऱ्यानं चौकटी भरत होते. मोजायचं चुकलं."

"लोक त्याला गंमत समजतात."

"समजू देत. मला तेव्हा गंमत नव्हती वाटली."

मग मी विचारलं, नाव कसं छापलं गेलं? तेव्हा नमुन्यांखाली नावं नसायचीच.

"मी छापखान्यात जाऊन उभी राहिले, मास्तरा. म्हटलं, नाव घाला, नाहीतर कागद द्या परत. हसले सगळे. म्हणाले, बाई, कोण बघतंय कोपऱ्यात? म्हटलं, मी बघतेय. संध्याकाळपर्यंत उभी होते. शेवटी घातलं, एवढंसं, मुंगीएवढं."

मी त्सोन्काचं सांगितलं. सगळं. म्हातारीनं एवढंच विचारलं,

"चांगली होती का रे?"

"चांगली होती."

"मग तिच्यावर नाही रागावत. पण नाव माझं लाव. आणि मी आहे तोवर लाव. मेलेल्यांना फार लवकर मान मिळतो, जिवंतांना रांगेत उभं करतात."

या बाईनं माझ्या वर्गात शिकवायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

टाकलं. जसं लिहिलं तसंच इथं उतरवतो:

"'त्सोन्काचे होले' या नमुन्याची कर्ती पेना द्राग्नेवा, १९६८. माझ्या पत्नीनं तो तिच्यावरून घेतला आणि आपला म्हणून सांगितला. नियम सगळ्यांना एक. पत्नीलाही. यापुढे हा नमुना पेनाबाईंच्या नावानं लावावा, नाहीतर काढला जाईल. – वेलिझार तोन्कोव."

तासाभरात चारशे उत्तरं. "मेलेल्या बायकोला चव्हाट्यावर आणलं." "माझा नवरा असा असता तर मी भूत होऊन परत आले असते." क्रासिमिरानं फक्त एवढंच: "मास्तर, माझ्या गुलाबांचा नमुना एका रुमानियन बाईंचा आहे. नाव टाकते." हे मात्र मी चारदा वाचलं.

आल्बेनाचा फोन. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

"आईला उत्तर देता येत नाही, बाबा. तुम्ही अशा माणसावर आरोप केलात ज्याला उत्तर देता येत नाही."

"आरोप नाही. सत्य."

"तुमच्या सत्याची किंमत नेहमी दुसऱ्याला मोजावी लागते." फोन ठेवला.

गिन्का वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवून गेली. बानित्सा नाही, काही नाही.

हरकत नाही. एकटा उभा राहीन. बाई एकटी संध्याकाळपर्यंत छापखान्यात उभी राहिली होती!

१ मार्च, शनिवार

आज सगळ्यांच्या मनगटांवर वसंताचा लाल-पांढरा दोरा. आल्बेना दरवर्षी पाकिटातून पाठवते. या वर्षी टपालपेटीत फक्त विजेचं बिल.

शाईची दौत काढली. साठ कार्डं लिहायला घेतली, प्रत्येक तसबिरीखाली एक. 'नमुना: पेना द्राग्नेवा. टाका:' – आणि भरणारीचं नाव. जुन्या वळणाचं अक्षर, मोठ्या अक्षरांना शेपट्या. वळण अजून सुटलेलं नाही. त्सोन्का म्हणायची, तुमचं अक्षर म्हणजे लग्नाची पत्रिका.

बावीस झाली. उरलेली उद्या.

८ मार्च, शनिवार

साठातल्या सदतीस जणींनी तसबिरी दिल्या. तेवीस जणींनी परत नेल्या. सदतीस पुष्कळ झाल्या. रंगवलेला फलक मी स्वतः भिंतीकडे तोंड करून ठेवला.

पेनाबाई आल्या, भाचीच्या गाडीतून, डोक्याला काळा रुमाल, काठी. त्या एकेका तसबिरीपुढे थांबत गेल्या. शेवटच्या भिंतीच्या टोकाला पोचल्या आणि म्हणाल्या, "सदतीस वेळा माझी चूक. देवा, कुणा एकीलाही मोजता येत नव्हतं का गं?"

सगळ्या हसल्या. गिन्कासुद्धा – ती दारात उभी होती, आत आली नव्हती, पण हसली आणि मग आत आली. क्रासिमिरानं खुर्ची आणून दिली. पेनाबाईंनी एका कार्डावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं, आंधळ्यानं वाचावं तसं फिरवलं. म्हणाल्या, "आता मुंगी मोठी झाली."

मी चार ओळी बोलायला उभा राहिलो. बोललो नाही. त्यांचं नाव घेतलं आणि बसलो. सारम्या गरम होत्या.

जिंकलो, असं लिहायला हरकत नाही. घरी येताना वाटलं, त्सोन्का असती तर बोलली नसती माझ्याशी आठवडाभर. मग बोलली असती. खरं ते खरं. मान खाली घालणार नाही.

एक बारीकसं. मिन्का – गिरणीत त्सोन्काच्या शेजारच्या मागावर असायची – कार्डांकडे खूप वेळ बघत होती. जाताना म्हणाली, "अक्षर बदललं नाही तुमचं, मास्तर." मग दारातून वळून: "नमुना माझा आहे, असं त्सोन्का तुम्हाला कधी म्हणाली होती?"

आठवून सांगतो म्हटलं. दोन तास आठवतोय.

१० मार्च, सोमवार

मिन्का आली. बसली नाही. टेबलावर एक कागद ठेवला. शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावरचा, जांभळा, १९८१ चा; महिला दिनाला मी गिरणीतल्या बायकांसाठी चाळीस प्रती काढून नेल्या होत्या. दोन होले. खाली 'नमुना: त्सोन्का तोन्कोवा'. मोठ्या अक्षरांना शेपट्या.

"मासिकातून उतरवलं, असं ती आम्हाला सांगूनच उतरवत होती," मिन्का म्हणाली. "नाव तुम्ही घातलंत. प्रती वाटून झाल्यावर तिला दाखवलंत. आम्हाला म्हणाली, तो इतका खुश आहे गं, आता कसं खोडू."

अकरा हजार जणींना विचारलं, नमुना कुणाचा. तिला एकदाही नाही.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली: नाव त्सोन्कानं नाही, मी घातलं होतं. आल्बेना फोन उचलत नाही. सोफियाची पहिली गाडी सकाळी सात दहाला आहे.