अखेनातेनचं लांबलेलं डोकं आणि माझी वाटणी

मी, संग्रहालयाच्या साचेखात्यातला निवृत्त साचेकार, वय एकोणऐंशी, कोणीही भरीला न घालता, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. मेहुण्यांनी मागितला तर दाखवावा, त्यांना याबाबत तीस वर्षं शंका आहे.

कलम १. राहतं घर, वरच्या कामाच्या खोलीसकट, माझ्या पत्नीला. दर रविवारी आमचं अकरा जणांचं मंडळ तिच्या बैठकीच्या खोलीत बसून इजिप्तचा राजा अखेनातेन आकाशातून उतरला होता, असं सिद्ध करत असे. लांबुडका चेहरा, काटकुळे हात, सुटलेलं पोट, आणि भक्ती करायची ती एकट्या सूर्याच्या तबकडीची. आम्हाला ती तबकडी म्हणजे यानच वाटे. हिने यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही आणि एकाही रविवारी चहा चुकवला नाही. "उतरला असेल बापडा, तुम्ही मात्र पाय पुसून आत या," एवढंच म्हणायची. तिचे उपकार घराने फिटायचे नाहीत, पण माझ्याकडे दुसरं काही नाही.

कलम २. दुर्बीण मेहुण्यांना. धाकट्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी माझी ओळख 'आमचे परग्रहावरचे जावई' अशी करून दिली, ते मी विसरलेलो नाही. तरी माझ्या ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर तेच बसून होते. दुर्बीण उत्तम आहे. तिच्यातून शेजाऱ्यांच्या खिडक्या पाहू नयेत.

कलम ३. पुस्तकं, तक्ते व खुर्च्या मंडळाला. प्लॅस्टर कालवणाऱ्या माणसाला त्यांनी अध्यक्ष केलं, त्याचं बोलणं मान डोलावून ऐकलं. म्हणूनच पुढचं सांगायला इतकी वर्षं जीभ रेटली नाही. बैठकीच्या खोलीतलं अखेनातेनचं डोकं ही संग्रहालयातल्या डोक्याची बिघडलेली प्रत आहे. शाळांसाठी प्रती काढताना घाईत मी रबरी साच्याभोवतीचं प्लॅस्टरचं कवच मागच्या बाजूने आवळलंच नाही. ओतलेल्या प्लॅस्टरच्या वजनाने रबर फुगलं आणि राजाची कवटी दोन बोटं लांबली. आमच्या खात्यात बिघडलेली प्रत नाक फोडल्याशिवाय बाहेर जात नसे. मला ते नाक फोडवेना. गोणपाटात गुंडाळून घरी आणली. पुढे आमच्या मंडळातल्या भूमितीच्या मास्तरांनी तीच मोजली, 'हे माप माणसाचं नव्हे' असा तक्ता केला, पुस्तिका छापली गेली, आणि मी मूग गिळून बसलो. लोक लांबून ते डोकं पाहायला यायचे. मला फार आवडायचं ते. राजा कुठून आला हे मला आजही ठाऊक नाही, आकाशाकडे मी अजून बघतो. पण आमच्या घरातला पुरावा माझ्या हलगर्जीपणाचा आहे. मंडळाने पुस्तिका मागे घ्यावी. मास्तरांचं माप अचूक होतं.

कलम ४. कोरण्या, पटाशा, कानशी व साच्याचं सगळं सामान माझ्या मुलीला. शाळा सुटली की ती थेट कामाच्या खोलीत यायची, तिला हेच शिकायचं होतं. पंधराव्या वर्षी ती दोरीचा तुकडा घेऊन संग्रहालयात गेली, आणि रविवारी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तिथलं डोकं एवढं लांब नाही. आपला साचा फुगलाय." मी म्हणालो, "तुला साच्यातलं काय कळतं? पुन्हा माझ्या अवजारांना हात लावायचा नाही." तिने तो शब्द बावीस वर्षं पाळला. दातांच्या कवळ्या करायचं काम ती परक्या माणसाकडे शिकली. आजही येते, माझ्या गोळ्या डबीत लावून देते, पण कामाच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. बाळा, तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं पाडलं, तेही जाणूनबुजून. मला माफ कर.

कलम ५ (आजच वाढवलेलं). हे सगळं मी गेल्यावर वाचलं जावं, असा बेत होता. माफी मागायची आणि उत्तर ऐकायला हजर राहायचं नाही, हा पळपुटेपणा आहे, असं पत्नीचं मत पडलं. म्हणून सही करण्याआधी कागद मुलीला दिला. तिने जिन्यात बसून तो दोनदा वाचला. मग वर आली, आत आली, आणि एकेक कोरणी उजेडात धरून पाहू लागली.

"गंज चढलाय यांना, बाबा."

"तुझ्याच आहेत. मी गेल्यावर."

"गेल्यावर घेऊन काय करू? मला कवळ्या येतात. एवढा मोठा साचा आवळायचा कसा, ते तेव्हा कोण दाखवणार?"

मी शेजारचं स्टूल पुढे ओढलं.

सबब कलम ४ मधली अवजारं आज माझ्या हयातीतच मुलीच्या ताब्यात दिली असून, त्यांच्यापुरतं ते कलम रद्द समजावं. माफीपुरतं ते कायम आहे.

लिहून ठेवणार: साचेकार (सही)

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिलं आणि त्यांनी आम्हाला:
१. तळमजल्यावरचे फ्रेमवाले (सही)
२. घरचे डॉक्टर (सही)

ठिकाण: कामाची खोली, वरचा मजला
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२१, रविवार