गोड झालेली विहीर

ता. ९ मार्च

चि. मातीखाऊस, ताईचे अ. उ. आ.

लहानपणी अंगणातली माती खाऊन आईचा मार खायचास, आता पगार घेऊन तीच हुंगत फिरतोस, म्हणून ही बातमी आधी तुला. आपल्या कुंपणापलीकडचा पेट्रोल पंप अखेर बंद झाला. काल क्रेन लावून जमिनीतल्या टाक्या उपसल्या. एकीचं बूड गंजून असं गेलं होतं की माझी मूठ आत गेली असती. खड्ड्यात मुरूम ओतला, वर रोलर फिरवला, झालं काम. आता चिंता नाही, असं पंपवाले स्वतः येऊन सांगून गेले.

तुझी भाची मजेत आहे. जावई बोटीवर, सुट्टीपुरते येतात, म्हणून ती वर्षभर माझ्याकडेच आहे. सहावा महिना लागलाय. बाळाचं नाव मामानं सुचवायचं म्हणते. दगडधोंड्यांचं सुचवू नकोस म्हणजे मिळवलं.

आणि एक गंमत. आपली विहीर जन्माची मचूळ ना? ती गेल्या वर्षापासून चक्क गोड झालीय. साबणाला अजून फेस येत नाही, पण प्यायला गोड. नळावरच्या खेपा बंद केल्या, सगळ्याला हेच पाणी वापरते.

चार ओळी तरी लिहीत जा, तेवढ्यानं माझं पोट भरतं.
तुझी ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

मामा होतो तो आता आजोबा होणार, हे आमच्या ऑफिसात सांगितल्यावर सगळे माझे केस बघायला लागले. नावाचं मनावर घेतो.

टाकीच्या बुडाचं वाचून मात्र जरा चरकलो. आमचं कामच ते. असल्या बंद पंपांवर भोकं पाडायची, नळीतून माती वर काढायची आणि पेट्रोल कुठवर मुरलंय ते शोधायचं. टाकी उचलली म्हणजे गळलेलं उचललं जात नाही. पाण्यावर तवंग दिसतो का, तेवढं बघून कळव. पण पाणी गोड झालंय म्हणतेस, म्हणजे माझा जीव भांड्यात पडला. भाचीला भरपूर पाणी पाज. या दिवसांत ते फार चांगलं. मे महिन्यात येतो, तोवर माझ्या वाटची माया तिच्यावर कर.

तुझा मातीखाऊ

ता. ३० मार्च

चि. मातीखाऊस, अ. उ. आ.

तवंगबिवंग काही दिसत नाही. मोटर तळातून पाणी ओढते, वरचं मला कुठून दिसणार? आणि वासाचं म्हणशील तर पंपाशेजारी उभा जन्म गेला, या नाकाला पेट्रोलचं काय कौतुक!

मला वेगळाच घोर लागलाय. तुझी भाची पांढरीफटक पडलीय. जिना चढताना मधेच बसते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. दंडांवर काळेनिळे डाग पडलेत, तर मी तिलाच रागावले की बघून चालत जा, आता तू एकटी नाहीस. डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाणी भरपूर प्या म्हणाले. तूही तेच लिहिलंस, म्हणून तांब्या तिच्या उशाशीच असतो. पाणी चांगलं खळखळून उकळते. तिला हुडहुडी भरते, त्यामुळे खिडक्या लावून ती शेगडीजवळच बसलेली असते, दिवसभर.

एवढं जपतेय रे, तरी ती हातातून निसटत चालल्यासारखी वाटते. मे कशाला, जमलं तर आधीच ये.

तुझी ताई

ता. ४ एप्रिल

ताई, नमस्कार-चमत्कार राहू दे. ऑफिसच्या ड्रायव्हरला हे पत्र देऊन तुझ्याकडे पिटाळतोय. वाचल्याबरोबर विहिरीचं पाणी बंद कर. पिऊ नका, अंघोळ करू नका आणि मुख्य म्हणजे उकळू नकोस. वाफेबरोबर ते घरभर होतं. सगळ्या खिडक्या उघड. भाचीला याच गाडीत घालून मोठ्या इस्पितळात ने आणि तिथल्या डॉक्टरांना हे पत्र दाखव.

आज एका पंपावर नळीतून माती वर आली आणि सोबतचा माणूस म्हणाला की काय गोडसर वास आहे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पेट्रोलमधल्या बेंझीनचा वास असाच असतो आणि तेच अंगात रक्त तयार होऊ देत नाही. तू गोड लिहिलंस आणि मी वाचलं, मचूळ नाही. आपण पिण्याजोग्या पाण्याला गोडच म्हणतो ना! तू तर जिभेला लागलं ते लिहिलं होतंस. साबणाला फेस येत नाही हेही लिहिलं होतंस. म्हणजे क्षार होते तिथेच आहेत, पाणी सुधारलेलं नाही, त्यात भलतंच काहीतरी मिसळलंय. शिकाऊ पोरालाही हे कळलं असतं. मी मात्र तिला भरपूर पाज म्हणून लिहिलं.

यंत्र घेऊन मागोमाग निघतोय. तुम्ही घरी थांबू नका.

भाऊ

ता. ११ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न.

तुझ्या रिकाम्या घरात बसून तुलाच पत्र लिहितोय. कुंपणापासून विहिरीपर्यंत भोकं पाडली. एकही कोरडं सुटलं नाही, सगळ्यांतून तोच वास. जमिनीखालच्या पाण्याचा उतार सरळ आपल्या अंगणात आहे. पंपावर इतकी वर्षं जे गळलं, ते आपल्या विहिरीत येऊन थांबलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला. आकडा लिहायला हात धजत नाही. विहिरीवर फळ्या ठोकल्या, शेजारच्या घरांना दारोदार जाऊन सांगितलं. पंपवाल्यांच्या दाराला कुलूप आहे.

स्वयंपाकघरात शेगडीजवळ तिची उशी तशीच पडलीय. मला तिथे जाववत नाही.

इस्पितळात येऊन तुम्हाला तोंड दाखवायचा धीर होत नाही आणि तिथला फोन कोणी उचलत नाही. तिचं रक्त वाढतंय का, एवढंच कळव. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पत्रातून घाल. मी रोज फाटकापाशी पोस्टमनची वाट बघतोय.

तुझा भाऊ

ता. १९ एप्रिल

चि. मातीखाऊस, अ. उ. आ.

बाळ आधीच काढावं लागलं. मुलगी आहे. काचेच्या पेटीत असते, ओंजळीत मावेल एवढीशी, पण भोकाड पसरते ते थेट मामाआजोबासारखं. डॉक्टर म्हणतात, ती तगेल.

तिच्या आईचं ते सांगत नाहीत. रक्त चढवलं की गालांवर जरा रंग येतो आणि पुन्हा उतरतो. हाडांतला रक्ताचा कारखानाच बंद पडलाय, चालू झाला तर झाला, म्हणाले. माझंही रक्त तपासलं, ते ठीक निघालं. एकाच विहिरीचं पाणी प्यायलो रे आम्ही! मी दिवसभर बाहेरच्या कामात, ती त्या वाफेत. ठीक निघाल्याचं ऐकून मला रडूच कोसळलं.

तुला शिव्या कुठल्या तोंडानं घालू? तू लिहिलंस, पण तांब्या माझ्या हातात होता. गाळून, उकळून, लाडीगोडी लावून पाजलं मी तिला.

काल तिनं पाणी मागितलं. पेला ओठांशी नेला तर तिनं तोंड फिरवलं आणि विचारलं, गोड आहे का. जन्मभर जिभेवर असलेला शब्द, पण माझ्या तोंडून फुटेना. आधी मीच घोटभर प्यायले आणि तिला सांगितलं की याला कसलीच चव नाही. मग ती प्यायली.

तुझ्या मायेवर मी तग धरून आहे. ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई