कोण मागतंय?

गोडादरा, सुरत
९ सप्टेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,
गजेंद्रचा सा. न. वि. वि.

मी घरी पोचल्याचं तू फोनवर ऐकलंच आहेस, पण तुझा नियम मोडत नाही. पोस्टाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईचा सख्खा भाऊ नुसते फोन करतो हे अमळनेरात कळलं तर तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मी मडगावला खेळायला गेलो तेव्हापासून ऐकतो आहे. मडगाव, कोलकाता, कोझिकोड, माले, ऐझॉल, सगळीकडून तुला लिहिलं. सुरतेहून लिहायची ही पहिलीच वेळ. मिसरूड फुटायच्या आत या घरातून गेलो. आता कानाशी पांढरे केस घेऊन परत आलो आहे.

गुडघा चालायला उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणतात. चालण्याबद्दल मी विचारलं नव्हतं.

इथल्या एका फुटबॉल क्लबाने मला कोच म्हणून घेतलं आहे. क्लबचे शेठ साड्यांचं कापड रंगवायचा कारखाना चालवतात. दिवाळीपर्यंत बघू, मग कायमचं बोलू, असं म्हणाले. रंग टिकणार की उतरणार हे ते एका धुण्यात ओळखतात, तेव्हा मला दिवाळीपर्यंत मुदत म्हणजे मोठेपणाच समजायचा. तिकडे ऐझॉलचा माझा जुना कॅप्टन झुआला आता तिथली टीम बघतो. तो म्हणतो, एक हंगाम खेळायला ये, प्रत्येक सामन्यात शेवटचा अर्धा तास खेळलास तरी पुरे. त्यालाही दिवाळीपर्यंत उत्तर हवं आहे. मी दोघांनाही बघतो म्हणालो आहे.

मायला माझं नवं काम पटलेलं नाही. तिने विचारलं की तू पळत नाहीस, चेंडूला पाय लावत नाहीस, रेघेच्या बाहेर उभा राहतोस, मग करतोस काय. मी म्हटलं, काय करायचं ते मुलांना सांगतो. ती म्हणाली, सांगायचं काम गल्लीतली सगळीच माणसं करतात, त्यांना कुणी पगार देत नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच. तो माझ्या हस्ताक्षरावरून कमी करू नकोस.

तुझा,
गजेंद्र

*

अमळनेर
१६ सप्टेंबर २०२४

चि. गजेंद्र यास अ. उ. आ.

पत्र मिळालं. पाकिटावर पिनकोड चुकला होता. माझ्याच खात्यातल्या माणसांनी दया केली म्हणून पोचलं. वीस वर्षांत तू पाच गावांच्या भाषा शिकलास, पण सहा आकडे काही पाठ झाले नाहीत.

तुझे दाजी म्हणतात की कोचची नोकरी मास्तरकीपेक्षा बरी. मास्तरांची मुलं नापास झाली तरी मास्तर तिथेच राहतात आणि पुढची तीस वर्षं तीच मुलं बाजारात भेटतात. कोचला निदान काढून तरी टाकतात.

मायचं मनावर घेऊ नकोस. आबा उधन्याला कापडाच्या लूमवर होते तेव्हा मुकादमाबद्दलही ती हेच म्हणायची.

आता एक सरळ लिहिते. आबा गेले तेव्हा तू मालेला होतास. विमान मिळून तू येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यात तुझा दोष नव्हता, आणि तुला कुणी बोललंही नाही. पण तेव्हापासून माय त्या घरात एकटी आहे. सुट्टी मिळाली की मी ताप्ती लाइनच्या गाडीने येते, तिच्या हातचं खाते आणि परत निघते, एवढंच माझ्याने होतं. तू घरी राहावंस असं मला वाटतं. मायलाही वाटतं, पण ती म्हणणार नाही. तू निघालास तर ती जा म्हणेल आणि वाटेतल्या भाकरी बांधायला बसेल.

झुआलाला बघतो म्हणालास, शेठला बघतो म्हणालास. चेंडू पायाशी असताना तू इतका वेळ कधी घेत नव्हतास, असं ऐकून आहे.

आशीर्वाद आहेतच, शुद्धलेखनासाठी थोडे जास्त.

जयश्री

*

गोडादरा, सुरत
३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

हरलो. एकच गोल झाला, आणि तो माझ्या तोंडातून झाला.

आमचा गोलकीपर केयूर वराछाचा, गुजराती. बचावाला बिजय, ओडिशाचा. पुढे खेळणारे दोघे कानपूरकडचे. मी सगळ्यांशी हिंदीत बोलतो. मैदानावर आजवर माझ्या तोंडून आपल्या बोलीतला एक शब्द निसटला नव्हता. मडगावला कोकणीत भांडलो, कोलकात्याला बंगालीत. पण सध्या घरी झोपतो, मायच्या हातची कळण्याची भाकरी खातो आणि दिवसभर तिच्याशी अहिराणीत बोलतो. जीभ सैल पडली आहे.

सामना संपत आला होता. चेंडू केयूरच्या पायाशी होता आणि पाठीमागून त्यांचा फॉरवर्ड मांजरासारखा येत होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, मांगे, केयूर, मांगे! आपल्यात मांगे म्हणजे पाठीमागे. गुजरातीत मांगे म्हणजे मागतो. केयूर आज्ञाधारक आहे. कुणीतरी चेंडू मागतंय असं खुद्द कोच सांगतो आहे म्हटल्यावर त्याने चेंडूवर पाय ठेवला, माझ्याकडे मान वळवली आणि अदबीने विचारलं, कोण मागतंय. ज्याला हवा होता तो तेवढ्यात घेऊन गेला.

गोल झाल्यावरही केयूर माझ्याकडे उत्तरासाठी बघत होता.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले की पुढच्या सामन्यात माझ्या तोंडून एकही शब्द येता कामा नये. तेवढंही जमत नसेल तर दिवाळीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मायला हे सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. डोळे पुसून झाल्यावर तिने गंभीरपणे विचारलं की मागे असलेल्याला मांगे नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

ऐझॉलला अर्ध्या तासात एवढं वाईट काही झालं नसतं. तिथे मला बोलावं लागत नाही.

तुला हसू येईल. येऊ दे.

गजेंद्र

*

अमळनेर
६ ऑक्टोबर २०२४

चि. गजेंद्र यास अ. उ. आ.

हसू आलं. खिडकीवर बसूनच वाचलं. आमचे पोस्टमास्तर श्रीरंगभाऊ यांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनाही वाचून दाखवलं. रांगेत एक म्हातारबा रजिस्टर पत्र घेऊन उभे होते. त्यांनी जाताना सांगितलं की चूक गुजरातीची आहे. तुझे दाजी आता पोळी वाढायच्या आधी ताटावर हात ठेवतात आणि मला विचारतात, कोण मागतंय. तीन दिवस झाले, रोज तेच. तू घरी येऊन त्यांचं काहीतरी कर.

हसून झालं. आता ऐक. इतक्या गावांत तुझी जीभ घसरली नाही, कारण तू तिथे पाहुणा होतास. पाहुणा जपून बोलतो. सुरतेत ती घसरली याची शेठला काळजी वाटली तर ठीक आहे. मला वाटली नाही.

आणि ऐझॉलला बोलावं लागत नाही हे काय लिहिलंस? ज्या गावात तोंड उघडायची गरज नाही तिथे जायचं, हे काय गाव निवडायचं कारण झालं? झुआला मागतोय, शेठ बघू म्हणताहेत, मी केव्हाची मागते आहे, आणि तू चेंडूवर पाय ठेवून इकडेतिकडे बघतो आहेस. तुझ्यापेक्षा केयूर बरा. त्याने निदान विचारलं तरी.

पुढच्या सामन्यात गप्प राहा. लहानपणी मी तुला कितीदा सांगितलं, तेव्हा जमलं नाही. शेठना जमतं का बघू.

जपून राहा. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

जयश्री

*

गोडादरा, सुरत
१८ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

गप्प राहिलो. रेघेबाहेर हाताची घडी घालून उभा होतो, आणि शेठ माझ्या शेजारी, मी ओठ हलवतो का ते बघत. पहिल्या अर्ध्यात आमच्यावर एक गोल झाला. मधल्या सुट्टीत मुलं माझ्याभोवती जमली. मी पाण्याच्या बाटल्या वाटल्या.

दुसऱ्या अर्ध्यात केयूर चेंडू घेऊन जरा पुढे आला होता. त्याच्या पाठीमागे पुन्हा एक जण पोचत होता. माझं तोंड उघडलं आणि मी ते हाताने दाबलं. तेवढ्यात आवाज आला, मांगे! तो बिजयचा होता. केयूरने न बघता अंग वळवलं आणि चेंडू उचलला. थोड्या वेळाने कानपूरचा एक जण ओरडला, मांगे! मग केयूर स्वतःच ओरडायला लागला. समोरच्या संघाला कळेना की ही मुलं सारखं काय मागताहेत. त्यांचा एक जण खरंच थांबून बघायला लागला, आणि तिथून आमचा गोल झाला. सामना बरोबरीत सुटला.

मी त्यांना हा शब्द शिकवला नव्हता. गेले पंधरवडाभर ते केयूरला चिडवत होते. तो चहा प्यायला बसला की मांगे, त्याची चप्पल लपवली की मांगे. चिडवता चिडवता शब्द तोंडात बसला आणि नेमक्या वेळी बाहेर आला. ओडिशाच्या मुलाच्या तोंडून मी मायची बोली ऐकत होतो.

आनंद झाला, हे खरं. मग घरी येताना वाईट वाटायला लागलं. खेळत होतो तेव्हा मी नसलो की जागा मोकळी दिसायची. हे काम असं कसं आहे, अक्का? ते चांगलं झालं की माझी गरजच दिसत नाही. मी तिथे नसतो तरी तो सामना तसाच झाला असता. झुआलाचा पुन्हा फोन आला होता. तिथे अर्धा तास का होईना, पाय माझे असतील. जावं असं फार वाटतं आहे.

शेठ सामना संपल्याबरोबर गाडीत बसून निघून गेले.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

गजेंद्र

*

अमळनेर
२२ ऑक्टोबर २०२४

चि. गजेंद्र यास आ.

कार्डावर जागा थोडी आहे, त्यामुळे थट्टा नाही.

माझ्या खिडकीवर परत येतं ते न पोचलेलं पत्र. त्यावर शिक्का मारायचा, कारण लिहायचं, लोकांची बोलणी खायची. पोचलेल्या पत्राची खबर मला आजवर कुणी आणून दिली नाही. म्हणून मी खिडकीवर नाही असं होत नाही.

तुला जायचं असेल तर जा. मायकडे मी आहेच, जशी होते तशी. पण काम दिसत नाही म्हणून जाऊ नकोस. पाय अजून पळायला मागत असतील, तर त्यासाठी जा. दोन्हींतलं कुठलं ते तुलाच कळेल.

शेठ काय म्हणतात याची वाट न बघता ठरव. ठरवलंस की लिही. फोन नको, फोनवर तू हो हो म्हणतोस.

जयश्री

*

गोडादरा, सुरत
२८ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी झुआलाला नाही म्हणून कळवलं. तेव्हा शेठचं काहीच ठरलं नव्हतं. झुआलाने विचारलं की तुझे पाय स्वस्थ बसतील का. मी म्हटलं, नाही बसणार. खोटं कशाला बोलू? सरावात चेंडू रेघेबाहेर माझ्याकडे घरंगळत आला की पाय आपोआप उचलला जातो. मी तो खाली ठेवतो आणि वाकून चेंडू हाताने उचलून देतो. दर वेळी जरा लागतं. पण मुलं तोवर थांबत नाहीत, दुसरा चेंडू घेऊन पुढे निघालेली असतात, आणि ती कुठे चालली आहेत हे बघायचं मला वेड लागलं आहे. जायचं कारण शोधत होतो, अक्का. पाय चेंडू मागतात, पण ऐझॉल मागत नव्हते.

शेठ काल सकाळी मैदानावर आले. सराव बघितला. मग म्हणाले की हंगामभर राहा, त्यापुढचंही बोलू, आणि आता तोंड उघडलंत तरी चालेल. फक्त त्या शब्दाचा नक्की अर्थ काय, हे त्यांना एकदा खाजगीत समजून घ्यायचं होतं. ती शिवी नाही, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

मायला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि डाळ निवडत राहिली. जरा वेळाने शेजारच्या इंदुबाई दारात आल्या. त्यांनी विचारलं की गजेंद्र दिवाळी झाली की पुन्हा बाहेरगावी खेळायला जाणार का. मी आत मोजे धूत होतो, मला ऐकू येत होतं. माय म्हणाली की नाही, तो आता खेळत नाही, खेळवतो. तिने हे असं सांगितलं की जणू तिनेच मला ते शिकवलं आहे. इंदुबाईंना फार आनंद झाला. एवढी गोड बातमी इतके दिवस लपवून ठेवलीत म्हणून त्या मायवर रागावल्या आणि लगबगीने घरी गेल्या. संध्याकाळी त्यांनी लोकरीचं टोपडं आणून दिलं, पिवळं, गोंडे लावलेलं.

मायने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. टोपडं हातात घेऊन उलटसुलट बघितलं, वीण चांगली आहे म्हणाली, आणि ते माझ्याकडे दिलं. म्हणाली, उद्या घेऊन जा, गोलकीपरला बसतं का बघ.

भाऊबीजेला दाजींना घेऊन ये. मी घरीच आहे.

गजेंद्र